ऐतिहासिक कादंबरीत कुणी हसायचंच नाही का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावहून पत्र आलं की ते सीमाप्रश्नाच्या गठ्ठ्यात जातं, म्हणून आधीच सांगते. हे पत्र 1 नोव्हेंबरबद्दल नाही, दुकानांच्या पाट्यांबद्दल नाही आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याबद्दलही नाही. ते सगळं आहेच, कुठं जात नाही. हे पत्र प्रेमकथांबद्दल आहे.

मध्यंतरी आपल्या रविवारच्या पुरवणीत एका विद्वानांचा ऐतिहासिक कादंबरीवर लेख आला होता. लेख अभ्यासपूर्ण होता, वाद नाही. जाता जाता मात्र त्यांनी इंग्रजीतल्या हलक्याफुलक्या, गोड शेवटाच्या ऐतिहासिक प्रेमकथांना एक टपली मारली. दुपारी डोळा लागेपर्यंत वाचायचं साहित्य, असं काहीसं. मी त्या दुपारच्या वाचकांपैकी एक. वय 68, मराठी शाळेतून निवृत्त, राहणार शहापूर.

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई (आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो) मागच्या दारी शेवाळावरून घसरल्या. पायात सळी घालावी लागली. दोन महिने पलंग. मालिका पंधरा दिवसांत विटल्या. "काय तरी वाचून दाखीव गे," म्हणाल्या, "खरं रडायचं नको, आणि लढाई नको." पुण्याच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.

मी कपाट उघडून उभी राहिले. ऐतिहासिक कादंबऱ्यांची अख्खी एक फळी आहे. एकेक काढते नि परत ठेवते. ह्यात नायक पहिल्याच प्रकरणात जखमी. ह्यात नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत निरांजन घेऊन दारात उभी. थेऊरला 1772 साली थोरले माधवराव गेले आणि मागोमाग रमाबाई सती गेल्या, त्यावर आमच्या पिढीनं इतकी टिपं गाळलीत की ती गोष्ट काढायची सोयच नाही. पुस्तक उघडायच्या आधी अक्कांचा पदर डोळ्याला लागतो.

शेवटी हाताला लागलं ते कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेलं, मुखपृष्ठ फाटलेलं इंग्रजी पुस्तक. लष्करातली कुटुंबं बदली झाली की पुस्तकं मागं टाकून जातात, आणि माझं वाचन बरीच वर्षं त्यांच्या बदल्यांवर चाललंय. अक्कांना इंग्रजी येत नाही. तेव्हा पान इंग्रजीत बघायचं आणि तोंडानं आमच्या मराठीत सांगायचं, असं सुरू झालं.

ड्यूकचा मी देसाई केला. त्याचा वाडा खानापूरकडं, जंगलाच्या तोंडाशी नेऊन ठेवला. गरीब पाद्र्याची मुलगी झाली कीर्तनकाराची मुलगी. इथवर ठीक. पण तो नाचाचा समारंभ काही केल्या मराठीत येईना. म्हणून मी त्याचं हळदीकुंकू केलं, तर अक्कांचा पहिला प्रश्न, "हळदीकुंकवात तो बाप्या कशाला आलता?" मग त्याला आईचा निरोप घेऊन पाठवला. दुसरा प्रश्न, "आणि त्याची आई सोताच कुठं गेलती?" मूळ पुस्तकात त्याची आई पन्नासाव्या पानाआधीच वारलेली होती. अक्कांच्या समाधानासाठी मी तिला जिवंत केलं आणि काशीयात्रेला धाडलं. लेखिकेनं क्षमा करावी. खरं सांगायचं तर कथा त्यानं सुधारली.

एक जागा मात्र आपसूक बसली. ह्या प्रकारच्या पुस्तकांत एक पोटजात असते, तिला तिकडं प्रेरणादायी म्हणतात. त्यात प्रेमाच्या जोडीला श्रद्धा असते. हातात हात यापलीकडं प्रकरण फारसं जात नाही, पण नायिकेचं देवाशी काहीतरी बिनसलेलं असतं आणि लग्नाच्या आधी ते मिटावं लागतं. आमची नायिका रिकाम्या चर्चमध्ये एकटी बसून देवाला जाब विचारते. मी तिला विठ्ठलापुढं बसवलं आणि एक शब्द बदलावा लागला नाही. देवाशी भांडायची आपल्याकडं जनाबाईपासूनची, सातशे वर्षांची सवय. त्या दुपारी अक्कांनी मध्ये प्रश्न विचारला नाही. वाचन थांबल्यावर इतकंच म्हणाल्या, "बोलली ते बरं केलं."

अशा पुस्तकांचा शेवट आधीच ठाऊक असतो, हा त्या विद्वानांचा मोठा आक्षेप. असतो की. सत्यनारायणाच्या कथेचा शेवट कुणाला ठाऊक नसतो? तरी साधुवाण्याची नाव बुडाली की बायका पुढं सरकून बसतात.

त्यांच्या दुसऱ्या आक्षेपाला मात्र मी मान देते. ह्या पुस्तकांतला इतिहास बेताचा असतो. निम्म्या तरी कथा 1811 ते 1820 या काळात घडतात, म्हणजे तिसरा जॉर्ज आजारी आणि युवराज राज्य सांभाळतोय तेव्हा. त्या नऊ वर्षांत इंग्लंडात जेवढे ड्यूक झाले नसतील, तेवढे एका वर्षीच्या पुस्तकांत लग्नाला उभे असतात. आणि सगळ्यांचे दात चांगले. आता तीच वर्षं आपल्याकडं बघा. पेशवाई बुडत होती. 1818 साली इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं हा आमच्या बेळगावचा किल्ला घेतला. तिकडचे देखणे सरदार झुंबराखाली नाचत होते, त्यातला पैसा कुठून आला हे ती पुस्तकं सांगत नाहीत. वाचताना मला ते टोचतं. पण म्हणून मी पुस्तक मिटत नाही. मला वाटतं, तीच वर्षं आपल्या बाजूनं कुणी का लिहीत नाही? किल्ला पडला त्या साली बेळगावात लग्नं झालीच असतील. भांडणं, रुसवे, कुणाचा तरी उखाणा चुकणं, हे काही मन्रोला विचारून थांबलं नसेल.

आणि हे आमच्या भागानंच का मागावं, तर ऐका. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 1857 ची 'यमुनापर्यटन'. लिहिणारे बाबा पदमनजी, जन्म बेळगावचा, 1831 चा. पुस्तक हलकंफुलकं मुळीच नाही, विधवांच्या हालांची वर्णनं वाचवत नाहीत, आणि ख्रिस्ती धर्माचा प्रचार त्यात उघड आहे. पण विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, आणि दुसऱ्याच वर्षी बेळगावच्या ह्या माणसानं आपल्या विधवा नायिकेचं पुन्हा लग्न लावून दिलं. श्रद्धा, प्रवास, दुःख आणि शेवटी संसार. इंग्रजीत ज्याला प्रेरणादायी म्हणून आज वेगळं कपाट असतं, त्याचा सगळा ऐवज आपल्या पहिल्याच कादंबरीत होता. पुढं 1871 ला आली 'मोचनगड', पहिली ऐतिहासिक. तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर आमच्या जांबोटीचे. त्यांनी काळ शिवाजी महाराजांचा घेतला, पण माणसं मनाने रचली. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. थोरांच्या तोंडी प्रेमाचे संवाद घालून कुणाच्या भावना दुखवायला नकोत. काळ खरा, माणसं आपली.

पुढं काय झालं ठाऊक नाही, पण आमच्याकडं साहित्याचंही राजकारणच लक्षात राहतं. 1946 चं साहित्य संमेलन बेळगावला भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे कादंबरीकार, तेही राजकारणात प्रेम मिसळणारे. पण आज गल्लीत कुणालाही विचारा, संमेलन म्हटलं की संयुक्त महाराष्ट्राचा ठराव आठवतो. त्यांची एखादी नायिका कुणाला आठवेल तर शपथ. ठराव मोठाच होता, माझ्या वडिलांच्या बोलण्यात तो कायम असे. म्हणून नायिकेनं काय घोडं मारलंय?

लिहिणाऱ्यांना वस्तू कमी नाही. आमचं शहापूर 1948 पर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या अमलात. मध्ये अंतर किती, तर कपिलेश्वराच्या देवळावरून चालत जावं इतकं. राजा वेगळा, साहेब वेगळा. शहापुरात मागावर साडी विणणारी मुलगी आणि पलीकडं कचेरीत कारकुनी करणारा मुलगा. रेल्वे आल्यावर मध्ये फाटक. त्या फाटकात रोज अडकणाऱ्या माणसाला प्रेम करायला किती वेळ मिळाला असेल! पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. घरची बायको अक्षरओळख नसलेली, पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेणारी. आता नवऱ्याला सांगायचं ते लिहिणाऱ्या मास्तरांदेखत कसं सांगावं? यात विनोदही आहे, गलबलून येण्यासारखंही आहे, आणि तो परत आला असं दाखवायला काय हरकत आहे? परत आलेलेही होतेच की.

भाषेचं एक सांगते. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत स्वयंपाकघरातली बाईसुद्धा दरबारात उभी असल्यासारखी बोलते. मांडे करताना कुणाला बोलताना ऐकलंय का? आमच्याकडच्या लग्नाचे मांडे म्हणजे हातावर झेलत झेलत पोळी कोपरापर्यंत ताणायची आणि उपड्या कढईवर टाकायची. ऐन वेळी कुणी हसवलं तर पोळी फाटते, म्हणून करणारीला हसवायला सगळ्या टपलेल्या असतात. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. अक्का आणि अण्णा हे शब्दच कानडीतून आलेले, ते काय सही-शिक्का घेऊन आले? त्या कढईभोवती एखादी नायिका बसवा आणि खिडकीबाहेरून कुणाला तरी जाऊ द्या. तलवार लागत नाही.

आपल्या पुरवणीत दर दिवाळीला कथास्पर्धा असते. एका वर्षी विषय एवढाच ठेवावा: काळ जुना, माणसं साधी, शेवट गोड. बक्षीस थोडं असलं तरी चालेल. नाहीतर मलाच लिहावं लागेल, आणि त्याचं कारण पुढं देते.

पुस्तक संपलं तेव्हा अक्कांनी विचारलं, "लग्नात मांडे केलते काय नाही?" केले होते म्हणाले. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांना देसायाच्या धाकट्या भावाचं लग्न हवं होतं. त्याचं वेगळं पुस्तक असणार, पण ते ज्या कुटुंबाकडं होतं त्यांची बदली अजून झालेली दिसत नाही. म्हणून गेले काही आठवडे मीच रोज दुपारी थोडं थोडं रचून सांगते. अक्का आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, पण तीन वाजले की बरोबर पलंगावर हजर. काळाचा माझा घोळ झालाय, विद्वानांनी पोटात घालावं. देसायाचा भाऊ 1818 मधून निघाला आणि सध्या कपिलेश्वराच्या फाटकात उभा आहे. पलीकडं ती आहे. गाडी अजून यायची आहे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
शहापूर, बेळगाव