तिकडचा कय्युम अन् आपला प्रशासक

संपादक साहेब, नमस्कार.
तुर्की म्हटलं की आपल्याकडे 2025 चा सफरचंदांवरचा बहिष्कार तेवढा आठवतो, तिथल्या लोकल बातम्या कोण वाचतं? मार्च 2024 ला वान या कुर्दबहुल शहरात अब्दुल्लाह झेयदान महापौरपदाच्या निवडणुकीत 55 टक्के मतं घेऊन जिंकले अन् सर्टिफिकेट दिलं हरलेल्या सत्ताधारी उमेदवाराला! लोक रस्त्यावर उतरले म्हणून निर्णय फिरवला, पण फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांना हटवून सरकारने आपला माणूस बसवलाच, त्याला तिकडे कय्युम म्हणतात. आपल्या जळगाव-धुळ्यातही प्रशासक होता, पण तो मुदत संपल्यावर, तिकडे तर निवडून आलेल्यालाच दहशतवादाचा शिक्का मारून काढतात भाऊ. आठवड्यातून एक कॉलम असा द्या ना, वाढदिवसाच्या जाहिरातींनाच अर्धं पान जातं.

एक वाचक, अमळनेर