बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक हवा

संपादक महोदय,

लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग हा माझा व्यवसाय. फोर-के फुटेजसाठी दणकट डेस्कटॉप हवाय. घरचे म्हणतात, सुटे भाग घेऊन असेंबल करण्यापेक्षा कंपनीचा तयारच घे, बिघडला तर माणूस घरी येतो. खरंय, ऐन लग्नसराईत मशीन बसलं तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातले जिने चढायला वेळ कुणाला?

पण माझी काळजी आतल्या मालाची. तयार डेस्कटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक असतं. पॉवर सप्लाय किती वॅटचा, रॅमची पट्टी एक की दोन, हे खोदून विचारावं लागतं. आरटीएक्स ५०८० या ग्राफिक्स कार्डासाठी एनव्हिडिया कंपनी ८५० वॅटचा सप्लाय सुचवते. शिवाय काही ब्रँडेड मशीनमध्ये मदरबोर्ड आणि सप्लाय कंपनीच्याच मापाचे. पुढे बाजारातला दुसरा बसतच नाही. म्हणून मी असेंबल करण्याच्या बाजूचा.

मात्र तिथे वॉरंटी भागागणिक वेगळी आणि ती अनुक्रमांकावर चालते. तरी काही दुकानदार ‘असेंबल्ड पीसी’ एवढी एकच ओळ लिहून बिल देतात, किंवा बिलच न देता १८ टक्के जीएसटी वाचवायचं आमिष दाखवतात. (लाखाचं कार्ड बेवारस करायला स्वस्त उपाय!) व्यापारी संघटनांनी प्रत्येक भागाचं नाव, किंमत, अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत छापलेलं बिल देण्याची शिस्त दुकानदारांना लावावी. जोडलेलं मशीन गिऱ्हाइकासमोर तासभर पूर्ण भारावर चालवून दाखवायला हरकत नसेल, तर उत्तमच.

— एक व्हिडिओ एडिटर, परळ