इंडेक्सची पानं ताजी ठेवणाऱ्या अनोळखी मित्रास

सप्रेम नमस्कार,

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमधलं इंडेक्सचं, म्हणजे माहिती चटकन शोधून देणाऱ्या सूचीचं, प्रकरण तुम्ही सांभाळता. तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या एका टेबलमध्ये लांबलचक यूआरएल यायला लागल्या आणि बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सने हात टेकले. २७०४ बाइटच्या वरची नोंद तो घेईना, इन्सर्ट अडकले. आम्हाला तपासायचं होतं ते एवढंच, की ही यूआरएल आधी आली आहे का. हॅश इंडेक्स अशाच कामाचा. तो आख्खी यूआरएल न ठेवता तिचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ४ बाइटचा आकडा, ठेवतो. पण टीमच्या जुन्या टिपणात ठळक अक्षरांत होतं, 'हॅश इंडेक्स वापरू नये.' का, ते कुणालाच सांगता येईना.

तुमची पानं उघडली. ९.६ या जुन्या आवृत्तीच्या पानावर कारण सापडलं: तेव्हा हॅश इंडेक्समधले बदल वॉलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहिले जात नव्हते, त्यामुळे सर्व्हर क्रॅश झाला तर रीइंडेक्स करायची, म्हणजे इंडेक्स पुन्हा बांधायची, पाळी येऊ शकायची, आणि रेप्लिकावर (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर) ते बदल पोचत नसत. १० च्या पानावर तो इशारा नाही. २०१७ साली कोड बदलला, त्याच आवृत्तीत इशाराही गेला. जुन्या पानावर मात्र तुम्ही तो राहू दिलात, कारण ९.६ चालवणाऱ्यासाठी तो आजही खरा आहे. शिवाय १० च्या रिलीज नोट्समध्ये बजावलंत, की जुन्या आवृत्तीवरून पीजी-अपग्रेड या साधनाने आलात तर हॅश इंडेक्स पुन्हा बांधा. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

याहून किचकट काम म्हणजे 'फक्त अमुक प्रकारच्या इंडेक्सनाच हे जमतं' अशी वाक्यं. ती वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात. इन्क्लूडचंच, म्हणजे इंडेक्समध्ये जादा कॉलम ठेवायच्या सोयीचंच, बघा: आवृत्ती ११ मध्ये बी-ट्री, १२ मध्ये जिस्ट, १४ मध्ये एसपी-जिस्ट. दर वेळी यादीत एकच शब्द वाढतो, पण तो राहिला तर वाचणारा हाताशी असलेली सोय सोडून देतो. नेमकी आम्ही सोडून दिली असती तशी.

हॅश इंडेक्स बसवला, इन्सर्ट सुरळीत झाले. काल टिपणातली ती ओळ मी खोडली, तिच्या जागी '९.६ पर्यंत' असं लिहिलं आणि शेजारी तुमच्या पानाचा दुवा दिला.

मनापासून आभार.

आपला,
तुमचा एक वाचक