सूचना : रविवारची नागपूर सहल

सर्व पालकांना नमस्कार. येत्या रविवारी लेकरांना घेऊन रमण विज्ञान केंद्रात जायचं आहे. गाडी सकाळी ६ वाजता ग्रामपंचायतीसमोरून सुटेल, कोणासाठी थांबणार नाही.

सुटीच्या दिवशी तिथे तोबा गर्दी असते, म्हणून :

– पोहोचताच आधी तारांगणाची तिकिटं काढू. ती वेगळी असतात.

– प्रत्येक लेकराच्या खिशात पालकाच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी हवीच. चुकामूक झाली तर तिकीट खिडकीजवळ थांबायचं, शोधत फिरायचं नाही.

– हाताळायची उपकरणं पोरांना हाताळू द्या, रागावू नका. पण एकाच यंत्रापाशी ठाण मांडू नये. मोठ्यांनीसुद्धा!

– शिदोरी, पाणी घरूनच.

नावं शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या.