बाबा, त्या कागदावर अजून सही करू नका

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की विमा कंपनीचा कागद आलाय, उद्या सही करून पाठवून देतो. मी तेव्हा फारसं बोलले नाही. तुमचा आवाज दमलेला वाटला, आणि आकडे फोनवर ऐकण्यापेक्षा डोळ्यांखालून घालायला तुम्हाला आवडतात हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. सोबत पॉलिसी, गॅरेजचं एस्टिमेट आणि कंपनीचं मंजुरीपत्र यांच्या झेरॉक्स आहेत. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. तोवर सही करू नका, एवढी एकच विनंती आहे.

आधी तुमच्या मनात जे घोळतंय त्याबद्दल. औदुंबरहून आमच्याकडे येताना नांद्र्याच्या अलीकडे गाडीचा जो अपघात झाला, त्याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊन बसला आहात. आई सांगत होती की रात्री उठून बसता आणि "माझीच नजर कमी पडली" म्हणता. तिन्हीसांजेची वेळ, उसाने भरलेली ट्रॉली अर्धी रस्त्यावर, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर. अशा वेळी तिशीतल्या माणसालाही ती ट्रॉली दिसली नसती. ट्रॅक्टरवरचं पोरगं घाबरून रडायला लागलं तेव्हा तुम्ही त्याला पाणी दिलंत आणि जाऊ दिलंत. त्याचंही मला काही चुकलं असं वाटत नाही. पोलिसांत नोंद आपण केलीच आहे.

पण मुद्दा असा की आपल्या क्लेममध्ये चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला गॅरेजवाले 'ओडी' म्हणतात, तो आपली चूक असली तरी मिळतो. लायसन्स चालू आहे, गाडी घरगुती वापरात होती, तुम्ही आयुष्यात कधी दारूला शिवला नाहीत. एवढ्यावर आपला हक्क पूर्ण होतो. तुम्ही "मिळेल ते घेऊ" म्हणता, त्यात कुठेतरी आपण त्यांच्याकडे काही मागतोय असा भाव आहे. दसऱ्याला गाडी घेतली त्या दिवशी हप्ता तुम्ही एकरकमी भरलात. त्या पैशांच्या बदल्यात त्यांनी जे लिहून दिलं, तेवढंच आपण मागतो आहोत.

आता हिशेब. तुम्ही जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात सारा जन्म काढलात. कारण न लिहिता केलेली कपात तुम्ही कुणाच्या बिलात कधी मान्य केली असती का? मग स्वतःच्या बिलात का करता?

गॅरेजचं एस्टिमेट १,८६,००० रुपयांचं आहे. कंपनीने मंजूर केले १,१२,४००. म्हणजे ७३,६०० कापले. मी दोन संध्याकाळी बसून ही कपात उलगडली. त्यातले १,००० रुपये प्रत्येक क्लेममध्ये कापलेच जातात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तो ठरलेला आकडा आहे. कूलंट, ऑइल, नटबोल्ट, क्लिपा यांचे ४,६०० कापलेत. त्यासाठी वेगळं कव्हर असतं, ते आपण घेतलं नव्हतं, तेव्हा तेही बरोबर. हे ५,६०० आपण आपल्या खिशातून भरायचे आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. माझं भांडण उरलेल्या ६८,००० बद्दल आहे.

त्यात सगळ्यात मोठी कपात आहे घसाऱ्याची, म्हणजे वापराने पार्टची किंमत उतरली असं धरून कापलेल्या रकमेची. बंपर, हेडलाइट, जाळी, डाव्या बाजूचा आरसा, चाकावरचं आतलं अस्तर, हे सगळं प्लास्टिक. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर सरसकट निम्मा घसारा लावतात, गाडी कालच शोरूममधून निघालेली असली तरी. पत्र्याच्या पार्टवर सहा महिन्यांपर्यंत घसारा शून्य असतो, म्हणून पत्र्यात त्यांनी काही कापलं नाही. रंगकामात जे मटेरियल धरतात त्यावरही निम्मा घसारा बसतो. प्लास्टिकचे ३८,००० आणि रंगाचे ३,००० असे मिळून ४१,००० गेले. साध्या पॉलिसीसाठी हा हिशेब चोख आहे. पण आपली पॉलिसी साधी नाही. झेरॉक्सच्या दुसऱ्या पानावर मी पेन्सिलीने खूण केली आहे, तिथे 'निल डेप्रिसिएशन' असं लिहून त्यापुढे ३,१०० रुपये वेगळे घेतलेले दिसतील. यालाच लोक झिरो डेप म्हणतात. हा घसारा कापला जाऊ नये एवढ्यासाठीच ते ३,१०० भरायचे असतात. मग तो कापला कसा? मी कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं, तर "सिस्टीममध्ये तसंच आलंय" एवढंच उत्तर मिळालं. हे उत्तर मला मान्य नाही. मला त्यांच्याकडून कलम हवंय, आणि ते लेखी हवंय.

दुसरी गोष्ट पैशांत लहान आहे, १८,००० ची. पण माझ्या मनात तीच सगळ्यात मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुढचं डावं दार. कंपनीच्या वतीने नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने त्यापुढे 'बदलू नये, दुरुस्त करावे' असं लिहिलंय. म्हणजे पत्रा ओढून, ठोकून, पुट्टी भरून रंग मारायचा. बाहेरून पाहिलं तर त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पोचा फार खोल नाही. पण परवा मी गॅरेजमध्ये गेले तेव्हा तिथल्या फोरमनने दाराचं आतलं अस्तर काढून दाखवलं. दाराच्या आत एक पोलादी आडवा दांडा असतो. बाजूने धडक बसली तर ती आत बसलेल्या माणसापर्यंत कमी पोचावी म्हणून तो असतो. आपल्या दारातला तो दांडा बिजागरीच्या बाजूला वाकलाय, आणि वाकलेला दांडा ठोकून सरळ केला तर त्याच्यात मूळचा जोर राहत नाही. तो फोरमन तीस वर्षं हे काम करतोय. त्याने सांगितलं, "ताई, रंग मारल्यावर कुणाला कळणार नाही, पण माझ्या घरची गाडी असती तर मी दार बदललं असतं." मी तिथेच फोटो काढले, मोजपट्टी लावून काढले. सर्व्हेअर आला तेव्हा अस्तर काढलेलंच नव्हतं, त्याने आतलं पाहिलेलंच नाही.

बाबा, त्या दारामागे आई बसते. तुमच्या शेजारी, डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन. त्या संध्याकाळी तिच्या खांद्याला नुसता मुका मार लागला, कारण त्या दांड्याने आपलं काम केलं. आता तोच वाकलेला दांडा आत ठेवून वरून चकचकीत रंग मारलेल्या दारामागे मी तिला बसू देणार नाही. कंपनीने पैसे दिले नाहीत तर मी भरीन, पण दार नवीन बसेल. गॅरेजला मी लेखी कळवलंय की पुढचं बाकी काम चालू करा, दाराला हात लावू नका. पुन्हा सर्व्हे करण्याची मागणीही त्यांच्यामार्फत केली आहे.

तिसरी कपात ९,००० ची, चाकाच्या आतल्या लोअर आर्मची आणि रिमची. शेरा असा की 'अपघाताशी संबंध नाही, जुने नुकसान'. गाडी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. पहिल्या सर्व्हिसच्या कागदावर चाकांबद्दल एकही तक्रार नाही, आणि जागेवर काढलेल्या फोटोत तेच डावं चाक तिरकं झालेलं स्पष्ट दिसतंय. आणखी काय पुरावा द्यायचा?

आई, आता तुझ्यासाठी. तू म्हणालीस की नव्या गाडीला डाग लागला, आता विकताना कोण पुरे पैसे देणार, तेही कंपनीने द्यायला हवेत. तुझं दुःख मला कळतं. दसऱ्याला तू स्वतः झेंडूची माळ ओवून बांधली होतीस. पण हे पैसे या पॉलिसीतून मिळत नाहीत. गाडीची किंमत उतरली तर ती कंपनी भरून देत नाही, ती बांधील असते फक्त दुरुस्तीच्या खर्चाला. पूर्ण गाडीची किंमत तेव्हाच मिळते जेव्हा दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जातो किंवा गाडी चोरीला जाते. आपली त्याच्या जवळपासही नाही, आणि त्याबद्दल देवाचे आभारच मानूया. जे आपलं नाही ते मी मागणार नाही. तसं केलं तर जे आपलं आहे त्याचंही वजन कमी होतं.

बाबा, तुम्ही बोनसचं म्हणालात, की फार ताणलं तर पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल. तो तसाही गेला. क्लेम १,१२,४०० चा असो की १,८०,४०० चा, वर्षात एक क्लेम झाला की पहिल्या वर्षाची २० टक्के सूट मिळत नाही. ती सूटही फक्त ओडीच्या हप्त्यावर असते. तेव्हा त्या भीतीने ६८,००० सोडू नका.

आणि सर्व्हेअरने लिहिलं म्हणजे ते ब्रह्मवाक्य, असंही नाही. त्याचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो शेवटचा शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका गाडीच्याच विम्याच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे, ती मी मागितली आहे.

सोबत एक अर्ज टाइप करून ठेवलाय. कंपनीच्या व्हाउचरऐवजी, म्हणजे तुमच्याकडे सहीसाठी आलेल्या त्या कागदाऐवजी, यावर सही करा. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, म्हणून सही तुमचीच लागेल. तो त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जाईल. त्यात तीन कपाती, प्रत्येकीचं कारण, प्रत्येकीचा पुरावा आणि शेवटी ६८,००० चा आकडा, एवढंच आहे. भाषा तुम्हाला आवडेल अशी ठेवली आहे, कुठेही चढा सूर नाही. तीच तक्रार मी विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर टाकते. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं.

एका महिन्यात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकिलाला तिथे उभंच राहता येत नाही. तक्रार साध्या कागदावर चालते, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. आता नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणजे तुम्हाला साताऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागणार नाही. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही, म्हणून आधी लोकपाल असं मी ठरवलंय. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

व्हाउचरचं एवढ्यासाठी सांगते की त्यावर 'पूर्ण व अंतिम समाधान' असे शब्द आहेत. नुसत्या त्या सहीने माणसाचा पुढे दाद मागण्याचा हक्क संपू नये, असं नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलेलं आहे. पण सही केल्यावर ती दबावाखाली केली हे सिद्ध करत बसण्यापेक्षा न केलेली बरी. त्यांचा माणूस घरी आला तर चहा द्या, आणि मुलीशी बोलल्याशिवाय सही करत नाही असं सांगा. मंजूर झालेले १,१२,४०० देऊन टाका, बाकीचं भांडण चालू राहील, असंही मी अर्जात लिहिलंय.

आणि पैशांचं. दाराचे १८,००० आत्ता मी भरते. पावती तुमच्या नावाची घेईन, कंपनीकडून आले की मला परत करा. त्यावर "पोरीचे पैसे कसे घ्यायचे" वगैरे सुरू करू नका. तुम्ही माझ्या शिक्षणाचा हिशेब कधी ठेवलात का?

शनिवारी मी साताऱ्याला येते. गोडोलीच्या डॉक्टरांची वेळ आईच्या खांद्यासाठी घेऊन ठेवली आहे, जुना एक्सरे घरात असेल तर तोही शोधून ठेवा. येताना सर्व्हेअरचा अहवाल मिळाला तर आणते. तुम्ही अर्ज वाचून त्यात जे खोडायचं ते पेन्सिलीने खोडून ठेवा, आपण बसून पक्का करू आणि सोमवारी पाठवू.

तुमची,
सुमा