बोजा नेमका कोणाचा कोणावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छपरावर सौर पॅनेल लावणारे आम्ही लोक वीज कंपन्यांच्या जिवावर उठलो आहोत आणि आमचा बोजा बाकीच्या ग्राहकांवर पडतो, हे कालच्या लेखातून कळले. आभारी आहे.

एक मुद्दा मान्य. जास्त युनिट जाळणारे, वरच्या दराचे ग्राहकच आधी पॅनेल बसवतात आणि खालच्या टप्प्यातले दर त्यांच्याच बिलांवर सांभाळले जातात. ते गेले की तारा-खांबांचा खर्च उरलेल्यांवर येणार. पण ते का जातात, हे कंपनीच्या खिडकीपुढे उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

माझी तीन किलोवॉटची पॅनेल दिवाळीआधी बसली. केंद्राच्या सूर्यघर योजनेचे 78 हजार अनुदान मिळणार म्हणून बाकीचे कर्ज काढले. कंपनीकडून घेतलेली आणि कंपनीला दिलेली वीज मोजून वजावट करणारा नेट मीटर मात्र येईना. ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या आणि टेस्टिंगला द्या.’ बाहेरून आणला, तर टेस्टिंगचे साहेब रजेवर. छपरावर लखलखीत ऊन, खाली जुन्या मीटरचे पूर्ण बिल, वर बँकेचा हप्ता. संक्रांतीला तिळगूळसुद्धा देऊन आलो. मीटर लागला होळीनंतर! आता दुपारी माझी वीज शेजारच्या बंगल्यात पूर्ण दराने विकली जाते. मार्चअखेर खात्यावर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव पाहिला की मात्र कांदा उत्पादकांची आठवण येते. स्थिर आकार दरमहा भरतोच. तरी बोजा आमचाच!

त्यात भरदुपारी लाइन गेली की पॅनेलही बंद. खांबावरच्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून पॅनेलचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, ते योग्यच. पण लाइन सारखी जात असेल तर माणूस बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेणारच. भारनियमनात घरोघर इन्व्हर्टर आले, ते काय हौसेने? पाकिस्तानात महाग आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळून लोकांनी 2024 या एका वर्षात सुमारे 17 गिगावॉटची पॅनेल मागवली. तिथे न वापरलेल्या विजेचेही पैसे वीजप्रकल्पांना द्यावेच लागतात, आणि गिऱ्हाईक तर निघून चालले. हे डोळ्यांसमोर असताना लेखकांचा उपाय काय, तर सौरग्राहकांवर आणखी एक आकार! असा आकार लागला की लोक बॅटरी घेऊन कंपनीलाच रामराम ठोकतील; बॅटरीचे भाव कुठवर उतरलेत, ते त्यांनी एकदा बाजारात जाऊन पाहावे.

आणि हो, लेखासोबतचा फोटो सोलर वॉटर हीटरचा होता. त्यातून वीज निघत नाही, आंघोळीचे पाणी तापते.

– एक जुना वर्गणीदार, सांगली