धोका दिसला तर निघून येण्याचा हक्क द्या : केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

महोदय, मी वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या कोळसा खाणींतला निवृत्त ओव्हरमन, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख करणारा. हे पत्र कोळसामंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे, कारण कोळसा काढणारे खाते एक आणि खाणीत उतरणाऱ्याच्या जिवाची राखण करणारे खाते दुसरे, ही व्यवस्था आपल्याकडे जाणूनबुजून केलेली आहे. धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय १९०२ पासून चालत आलेले आहे आणि ते आपल्या मंत्रालयाखाली येते. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. त्या टनांचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मागायचे आहे ते आपल्याच अखत्यारीतले आहे : ज्या कामगाराला समोर मरण दिसते आहे, त्याला हाजिरी न गमावता तिथून निघून येण्याचा हक्क कायद्यात लिहून द्या.

तो हक्क आहेच, असे आपले अधिकारी सांगतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेचे पान उघडून दाखवतील. मीही ते वाचले आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची रास्त भीती वाटली, तर कर्मचाऱ्याने मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवावे, असे त्यात म्हटले आहे. मालकाला पटले तर तो उपाय करील. न पटले तर निरीक्षक ठरवील आणि त्याचा निर्णय अखेरचा. ठीक आहे. पण हे कळवणे, पटणे आणि ठरणे चालू असताना तो माणूस कुठे उभा राहील, याबद्दल संहिता गप्प आहे. तो छताखालीच उभा राहणार. वर आला तर 'काम सोडून गेला' म्हणून त्याची पाळी कापली जाणार.

काम थांबवून माणसे मागे घेण्याचे कर्तव्य नियमांनी आमच्यावर, म्हणजे ओव्हरमन आणि त्याच्या हाताखाली सुरक्षेची पाहणी करणाऱ्या मायनिंग सरदारावर टाकले आहे. भूमिगत खाणीत सरदार काठीने छत ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर छत धड. पोकळ, बसका आवाज आला तर वरचा थर सुटला आहे, माणसे हलवा. पण सरदार एक आणि फेस, म्हणजे कोळसा कापायच्या जागा, अनेक. तो एका ठिकाणी छत ठोकत असतो, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी बारीक खडी गळायला लागलेली असते, खांब करकरायला लागलेला असतो. ते पहिल्यांदा ऐकतो तिथला कामगार. त्याच्या कानाला कायद्यात किंमत नाही.

शिवाय सरदाराकडे अधिकार असला म्हणून तो वाचतो असेही नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लि.) पाथाखेडा क्षेत्रात, मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यातल्या छतरपूर-१ खाणीत ६ मार्च २०२५ रोजी छत कोसळले. तिघे गेले, आणि तिघेही देखरेखीच्या पदांवरचे होते. त्याआधी मार्च २०२२ मध्ये तेलंगणात सिंगरेनी कोळसा कंपनीच्या अड्रियाला लाँगवॉल प्रकल्पात छत कोसळून तिघे गेले, त्यांतही अधिकारी होते. काम थांबवायचा अधिकार ज्यांच्या हाती होता, तेच दगडाखाली सापडले. उत्पादनाचा रेटा असला की अधिकारवाला माणूससुद्धा 'एवढे कटिंग होऊ द्या, मग बघू' म्हणतो. हे मी कुणाकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आता खुल्या खाणींकडे येतो, कारण विदर्भातला बहुतेक कोळसा तिथूनच निघतो. आमच्या भागात कोळशाच्या वर वाळूचा खडक, त्यावर मुरूम आणि सगळ्यात वर काळी माती. उन्हाळ्यात ही माती हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खाण उघडताना पहिल्यांदा तीच निघते आणि बेफिकिरीने काम झाले तर ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यात तळाला जाऊन बसते. वर मुरूम आणि दगडाचा डोंगर चढत जातो. मृगाचे पाणी आत मुरले की तळची माती वंगणासारखी होते आणि सगळा ढिगारा पायातून सरकतो. खाणीच्या कडेचेही तसेच. वेकोलिच्या कावडी खुल्या खाणीत कड कोसळून १० माणसे गेली, ती तारीख २४ जून २००० होती. झारखंडात राजमहल प्रकल्पाच्या लालमाटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा घसरून २३ जण गाडले गेले, तेव्हा तर पाऊसही नव्हता. त्यांतले बहुतेक ठेकेदाराचे कामगार होते.

कड पडण्याआधी सहसा खुणा दिसतात. बेंचवर, म्हणजे कडेच्या पायरीवर, केसासारखी भेग पडते, ती पाळीगणिक रुंदावते, पायथ्याशी माती फुगून येते, कोरड्या जागी पाणी पाझरू लागते. कड मोजणारी रडार यंत्रे आता आली आहेत आणि ती चांगली आहेत. पण यंत्र नसते तिथे, आणि असते तिथेही, भेग आधी दिसते ती डंपरवाल्याला, डोझरवाल्याला, नाहीतर हातात झेंडी घेऊन उभ्या असलेल्या हेल्परला. हे तिघेही आज बहुतांशी ठेक्यावरचे आहेत.

असा एक हेल्पर मला आठवतो. खाणीचे नाव लिहीत नाही. त्याने बेंचवरची भेग ठेकेदाराच्या सुपरवायझरला दाखवली. "पाऊस उघडला की पाहू," हे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरायला तयार झाला नाही. "जीव गेला तर तुमची हाजिरी काय चाटू का?" असे तो बोलून गेला, आणि त्याचे नाव यादीतून निघाले. कड त्या पाळीत पडली नाही. पुढे पडली तेव्हा खाली कोणी नव्हते, म्हणून कुठे नोंद झाली नाही. पोराचे नाव पुन्हा लागले नाही. त्याच्या जागी जो आला, त्याने भेगेबद्दल कधी तोंड उघडले नाही.

ठेका कामगाराचा जीव स्वस्त धरला जातो, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. २०२५ मध्ये कोल इंडियाने खाण अपघातातील मृत्यूची सानुग्रह मदत १५ लाखांवरून २५ लाख केली. स्वागत आहे. त्याच वेळी जाहीर झालेल्या विम्यात कायम कामगाराला १ कोटी आणि ठेका कामगाराला ४० लाख आहेत. हा विमा पगाराच्या बँक खात्याबरोबर मिळतो, त्याची गणिते बँका करतात, मान्य. पण दरड कोसळताना ओळखपत्र पाहत नाही.

शिक्षेबद्दल फार लिहीत नाही. खाण अधिनियम १९५२ मध्ये नियमभंगाने जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होता. संहितेने दंड किमान ५ लाखांवर नेला, त्यातला निम्मा तरी वारसांना देण्याची सोय केली. 'किंवा' मात्र तसाच ठेवला. धनबादजवळच्या चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून ३७५ माणसे बुडाली आणि दोन अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती २०१२ साली. एवढ्या उशिराच्या शिक्षेला कोण भितो? म्हणूनच माझा भर शिक्षेवर नाही, पाळी चालू असतानाच्या त्या दहा मिनिटांवर आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा खाण सुरक्षेचा करार क्रमांक १७६ हा १९९५ चा आहे. रास्त कारणाने गंभीर धोका वाटला तर त्या जागेवरून दूर होण्याचा कामगाराचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती द्यावी. तिला वेळ लागणार असेल, तर संहितेखालचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडेच आहे. त्यात एवढे घाला : धोका कळवून जागा सोडणाऱ्याची हाजिरी पूर्ण धरावी, जागेची पाहणी होऊन लेखी उत्तर मिळेपर्यंत तिथे दुसऱ्या कोणालाही पाठवू नये, आणि त्या कारणाने ठेकेदाराने नाव कमी केले तर मूळ खाणमालकाला जबाबदार धरावे. खोट्या तक्रारी होतील, अशी शंका येईल. होतील थोड्या. थांबलेला डंपर पुन्हा सुरू करता येतो.

खाणीतल्या सुरक्षा समितीत आणि कामगार निरीक्षकांत, म्हणजे कामगारांच्या वतीने खाण तपासणाऱ्यांत, ठेका कामगारांचा माणूस त्यांनीच निवडलेला असावा. ५०० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या खाणीत कामगार निरीक्षक नेमण्याची तरतूद जुन्याच नियमांत आहे. पण भेग बघणारा एका हाजिरीपटावर आणि निरीक्षक दुसऱ्याच, हे चालणार नाही. संहितेत संगणकाने खाण निवडून तपासणी करण्याची सोय आहे. ती भ्रष्टाचार टाळायला बरी असेल, पण जिथून धोक्याची तक्रार आली तिथे निवडीची वाट पाहू नये. नागपूरच्या कार्यालयातून वणी काही लांब नाही.

आणखी एक. राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार कमीत कमी इजांच्या प्रमाणावर आणि अपघाताविना गेलेल्या सर्वांत दीर्घ काळावर दिले जातात. अशा पुरस्काराने मोडलेले बोट रजिस्टरमध्ये न येता रजेवर जाते. त्यापेक्षा किती ठिकाणी कामगाराच्या सांगण्यावरून काम थांबले आणि काय दुरुस्त झाले, यावर पुरस्कार द्या. अमेरिकेत खाणीतल्या प्रत्येक मृत्यूचा चौकशी अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. आपले अहवालही तसे उघडे करा, आणि ते मराठीत, हिंदीत व तेलुगूत प्रशिक्षण केंद्रात वाचून दाखवा. शेजारच्या खाणीत माणूस कसा गेला हे आमच्या पोरांना आजही चहाच्या टपरीवर कळते, तेही अर्धेमुर्धे.

येत्या पावसाळ्याआधी निदान हाजिरीचा नियम व्हावा, ही विनंती. उत्तर हिंदीत आले तरी चालेल, खदानीत आमची अर्धी बोली हिंदीच असते.

आपला नम्र,
एक निवृत्त ओव्हरमन
वणी, जि. यवतमाळ